कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटारच्या आयात-निर्यात भावांचा कल कसा काढायचा: कोडपासून लँडेड कॉस्टपर्यंत

सरकारच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यातलं एकूण मूल्य घ्यायचं, नगांच्या संख्येनं भागायचं, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडायचं आणि ‘भाव चढलेत’ म्हणत गणपतीच्या आधीच गोदाम भरून ठेवायचं. ठाण्यातले आणि वाशीतले वाद्यविक्रेते, तुर्भ्याचे छोटे आयातदार ही चूक पुन्हा पुन्हा करतात. भागाकार बरोबर असतो, पण जो आकडा येतो तो भाव नसतो. त्या महिन्यात देशात उतरलेल्या स्वस्त-महाग सगळ्या मालाची ती सरासरी असते. तिला व्यापारात युनिट व्हॅल्यू म्हणतात. तिच्यातून खरा कल काढता येतो, मात्र त्यासाठी पुढच्या पायऱ्या याच क्रमानं कराव्या लागतात. मधली एक गाळली तरी शेवटचा आकडा निरुपयोगी ठरतो.

आधीची तयारी

संगणकासमोर बसण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, तुमच्या किंवा तुमच्या पुरवठादाराच्या मागच्या सहा-आठ खेपांची बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेला कागद), सोबत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. दुसरी, पुरवठादाराच्या जुन्या-नव्या दरपत्रकांच्या प्रती, प्रत्येकीवर तारीख. तिसरी, एक कोरी एक्सेल शीट. तिच्यात महिना, कोड (सीमाशुल्काच्या यादीतला मालाचा क्रमांक), देश, मूल्य, मूल्याचं चलन, नग, युनिट व्हॅल्यू आणि शेरा हे आठ रकाने आधीच आखून ठेवा. शेऱ्याचा रकाना फालतू वाटतो, पण सहा महिन्यांनी एखादा आकडा का वगळला होता ते तिथंच सापडतं.

चौथी गोष्ट म्हणजे प्रश्न, एका ओळीत लिहिलेला. ‘चीनमधून येणारा ६१ कीचा कीबोर्ड डॉलरमध्ये महागला का?’ हा प्रश्न झाला. ‘वाद्यांच्या भावाचं काय चाललंय?’ याला कुठल्याच तक्त्यात उत्तर मिळत नाही.

१. कोड पक्का करा

निम्म्या चुका इथंच होतात, म्हणून या पायरीला घाई नको.

विजेवर चालणारी किंवा विजेनं आवाज वाढवल्याशिवाय नीट वाजवता न येणारी वाद्यं सीमाशुल्काच्या यादीत ९२०७ या शीर्षकात येतात. त्यात दोनच कोड आहेत. ९२०७ १० ०० मध्ये अकॉर्डियन सोडून सगळी कीबोर्ड वाद्यं: पोर्टेबल कीबोर्ड, डिजिटल पियानो, सिंथेसायझर. ९२०७ ९० ०० मध्ये उरलेलं सगळं: इलेक्ट्रिक गिटार, बेस, इलेक्ट्रॉनिक ड्रम, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला.

गोंधळ सीमेवरच्या वस्तूंचा होतो. पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) बसवलेली पोकळ गिटार प्लग न लावताही नीट वाजते, म्हणून ती ९२०२ मध्ये जाते, ९२०७ मध्ये नाही. पिकअप लावलेली पेटी (हार्मोनियम) ही तशीच ९२०५ मध्ये राहते. वेगळ्या खोक्यात आलेले अँप्लिफायर, स्पीकर, मायक्रोफोन यादीच्या ९२व्या, म्हणजे वाद्यांच्या प्रकरणातून स्पष्टपणे वगळलेले आहेत, ते ८५व्या प्रकरणात शोधायचे. अँप्लिफायर ८५१८ मध्ये सापडतो, सुटं इफेक्ट पेडलही ८५मध्येच. तारा ९२०९ ३० ०० मध्ये आणि ९२०७च्या वाद्यांचे सुटे भाग ९२०९ ९४ ०० मध्ये. गिटार, छोटा अँप, केबल आणि पट्टा असा एकाच खोक्यातला स्टार्टर पॅक सहसा गिटारच्या कोडमध्येच धरला जातो. त्यामुळे ९२०७ ९० मधल्या ‘गिटारच्या’ भावात अँपचीही किंमत मिसळलेली असू शकते.

मुलांचे खेळण्यातले पियानो ९५०३ मध्ये जातात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. वाद्य आणि खेळणं यांच्या शुल्कात एवढी दरी पडली की सीमेवरच्या मालाचे वाद वाढतात. म्हणून ९२०७ १० मध्ये अगदीच हलकी युनिट व्हॅल्यू दिसली तर खेळण्यातला माल वाद्य म्हणून नोंदला गेलाय का, ही शंका घ्यायलाच हवी.

थांबा आणि तपासा: तुमच्या बिल ऑफ एन्ट्रीवरचा आठ आकडी कोड आणि तुम्ही तक्त्यात शोधणार असलेला कोड अक्षरशः एकच आहे ना? सीएचएनं (सीमाशुल्काचं काम पाहणाऱ्या दलालानं) एका खेपेला वेगळा कोड लावला असेल तर त्या खेपेची तुलना या शीटमध्ये करू नका.

२. मूल्य आणि नग एकाच वेळी उतरवा

भारताचे आकडे कोलकात्याचं वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय गोळा करतं आणि वाणिज्य विभागाच्या ट्रेडस्टॅट पोर्टलवर ते फुकट पाहता येतात. आठ आकडी कोड टाका, देशवार तक्ता निवडा, आणि मूल्य व संख्या हे दोन्ही तक्ते एकाच बैठकीत उतरवून घ्या. ताजे महिने नंतर सुधारले जातात. मूल्य आज आणि संख्या पंधरा दिवसांनी घेतली तर दोन वेगळ्या आवृत्त्यांचा भागाकार होतो.

उतरवताना तीन ठिकाणी लक्ष ठेवा.

एक, वर्ष. आपलं ‘२०२३-२४’ म्हणजे एप्रिल ते मार्च, तर संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-माहितीसाठ्याचं २०२३ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही शेजारी ठेवायचे असतील तर मासिक आकडे घेऊन वर्ष स्वतः जोडा.

दोन, संख्येच्या रकान्याचं शीर्षक. आकडा नगांत आहे की हजारांत, ते वाचल्याशिवाय भागाकार करू नका. ९२०७ची मोजणी नगांत होते, सुट्या भागांची बहुधा किलोत. दोन्ही एका सरासरीत घालणं चूकच.

तीन, दशांश. दशलक्ष डॉलरच्या तक्त्यात दोनच दशांश मिळाले की ०.०२ म्हणजे १५ हजार ते २५ हजार डॉलरमधलं काहीही असू शकतं. नुसत्या गोलाकारानं २५ टक्क्यांची चूक! छोट्या देशांकडे होणाऱ्या निर्यातीत हे हमखास घडतं. पोर्टल रुपयांत बारीक आकडा देत असेल तर तोच घ्या आणि डॉलर नंतर काढा.

सावधान: दुसऱ्या आयातदाराच्या खेपेचे तपशील, त्याचे भाव, नग, कोड मिळवून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याची सवय धोक्याची आहे. सीमाशुल्क कायद्यात २०२२ साली आलेल्या १३५ एए कलमानुसार अशी माहिती प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपलं काम एकत्रित सरकारी आकड्यांवर भागतं.

३. खराब ओळी बाजूला काढा

प्रत्येक देश-महिना ओळीची युनिट व्हॅल्यू काढा आणि चढत्या क्रमानं लावा. वरची आणि खालची टोकं पाहिली की बहुतेक घाण तिथंच दिसते.

इलेक्ट्रॉनिक ड्रमचं उदाहरण घ्या. पाच पॅड, तीन सिंबल आणि एक मोड्युल असा किट एका आयातदारानं ‘१ नग’ लिहिला आणि दुसऱ्यानं ‘९ नग’. माल तोच, युनिट व्हॅल्यू नऊपट वेगळी. ज्या ओळीत एकूण नगच पन्नास-साठ आहेत तिथं अशी एक नोंद सगळा कल उलटवते. आमचा आग्रह असा, की महिन्याला शंभरपेक्षा कमी नग असलेली ओळ एकटी वापरूच नका. तिमाहीत जोडा किंवा सोडून द्या.

ओळ पुसून टाकू नका. रंग बदला, शेऱ्यात कारण लिहा आणि बेरजेतून वगळा.

४. देशवार भाव, मगच एकूण कल

सगळ्या लेखातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे, आणि सर्वात जास्त वगळली जाते तीही हीच. वाशीच्या मार्केटात कांदा आणि हापूस एकत्र तोलून किलोमागे सरासरी काढली तर आंब्याच्या मोसमात ‘भाव वाढले’ असंच दिसणार. ९२०७ १० मध्ये साध्या पोर्टेबल कीबोर्डपासून लाखाच्या डिजिटल पियानोपर्यंत सगळं एका कोडमध्ये आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

पहिलं वर्ष: चीनमधून १०,००० नग, प्रत्येकी ४० डॉलर. इंडोनेशियातून १,००० नग, प्रत्येकी १२० डॉलर. एकूण ५,२०,००० डॉलर, ११,००० नग. सरासरी ४७.२७ डॉलर.

दुसरं वर्ष: चीनमधून ६,००० नग, प्रत्येकी ३८ डॉलर. इंडोनेशियातून ३,००० नग, प्रत्येकी ११४ डॉलर. एकूण ५,७०,००० डॉलर, ९,००० नग. सरासरी ६३.३३ डॉलर.

सरासरी ३४ टक्क्यांनी चढली. प्रत्यक्षात दोन्ही देशांचा माल ५ टक्क्यांनी उतरलाय! बदललं ते फक्त मालाचं मिश्रण: स्वस्त माल कमी आला, महाग माल जास्त. हे न पाहता ज्यानं आधीच माल भरला, त्यानं उतरत्या बाजारात चढ्या घाईनं खरेदी केली.

उपाय सोपा आहे. पहिल्या वर्षाचे नग कायम धरा आणि त्यांना दुसऱ्या वर्षाचे भाव लावा: १०,००० × ३८ अधिक १,००० × ११४, म्हणजे ४,९४,००० डॉलर. याला ५,२०,०००नं भागलं की ०.९५ येतं, म्हणजे ५ टक्के घट. मग उलटं करा. दुसऱ्या वर्षाचे नग धरून दोन्ही वर्षांचे भाव लावा: ५,७०,००० भागिले ६,००,०००, पुन्हा ०.९५. दोन्ही रीतींची उत्तरं जवळपास जुळली तर कल भरवशाचा. त्यांच्यात मोठी तफावत आली तर मधला आकडा घेऊन पुढे जाऊ नका, कारण एखाद्या देशाच्या आतच मालाचा प्रकार बदललेला असू शकतो.

देशाच्या आतला हा बदल तक्त्यात दिसत नाही. तो तुमच्या बिल ऑफ एन्ट्रीत आणि दरपत्रकात दिसतो. म्हणून एकाच मॉडेलचा इन्व्हॉइस भाव प्रत्येक खेपेतून काढून वेगळ्या ओळीत लावा. तक्त्याचा कल एकीकडे आणि त्या मॉडेलचा भाव दुसरीकडे जात असेल तर मॉडेलवर विश्वास ठेवा.

थांबा आणि तपासा: देशवार भाव काढण्यापूर्वी ‘एकूण’ ओळ झाकून ठेवा. ती आधी पाहिली की डोक्यात निष्कर्ष बसतो आणि मग त्याला पोषकच आकडे उचलले जातात.

५. डॉलर आणि रुपया वेगळे करा

भाव डॉलरमध्ये ठरतो, तुम्ही रुपयात विकता. ४० डॉलरचा नग ३८ वर आला आणि त्याच काळात डॉलर ८० रुपयांवरून ८६ वर गेला, तर ३,२०० रुपयांचे ३,२६८ होतात. पुरवठादारानं ५ टक्के सोडले, तरी रुपयात माल २ टक्क्यांनी महागच. दोन्ही ओळी शीटमध्ये वेगळ्या हव्यात. पुरवठादाराशी घासाघीस डॉलरच्या ओळीवर करायची, दुकानातला भाव रुपयाच्या ओळीवर ठरवायचा.

कोणता विनिमय दर? खेपेच्या हिशेबाला सीमाशुल्क विभागाचा आयातीचा दर, बिल ऑफ एन्ट्री दाखल झाली त्या दिवशी लागू असलेला. निर्यातीचा दर वेगळा असतो, तो चुकून घेऊ नका. बँकेनं पैसे पाठवताना लावलेला दर तिसराच. तो तुमच्या नफ्या-तोट्यात जातो, भावाच्या कलात नाही.

६. जहाजाचं भाडं बाजूला काढा

भारताच्या आयातीचं मूल्य सीआयएफ असतं, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून. निर्यातीचं मूल्य एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतचं, पुढचं भाडं-विमा वगळून. त्यामुळे चीननं भारताला केलेल्या निर्यातीचा आकडा आणि भारतानं चीनमधून केलेल्या आयातीचा आकडा कधीच तंतोतंत जुळत नाही. जुळवण्याचा प्रयत्न करू नका. तफावत दर महिन्याला साधारण तेवढीच आहे ना, एवढंच पाहा.

भाड्याचा भार नगावर किती पडतो ते पॅकिंग लिस्टवरून काढा. ६१ कीच्या कीबोर्डचं खोकं १०५ × ४२ × १७ सेंटिमीटर असेल तर ते सुमारे ०.०७५ घनमीटर होतं. ४० फुटी हाय क्यूब कंटेनरमध्ये ६८ घनमीटर माल बसला तर जवळपास ९०० खोकी. कंटेनरचं भाडं १,००० डॉलर असताना नगामागे १.१० डॉलर, ५,००० डॉलर झालं की साडेपाच डॉलर. ४० डॉलरच्या नगावर हा फरक ११ टक्क्यांचा आहे, आणि कारखान्यानं भाव एका सेंटनंही वाढवलेला नाही. २०२१च्या कंटेनर टंचाईत असंच झालं. त्या वर्षाला आधार वर्ष धरून काढलेला कोणताही कल खाली झुकलेलाच दिसेल, म्हणून ते वर्ष आधार म्हणून घेऊ नका.

डिजिटल पियानोला भाडं टक्क्यात कमी लागतं, स्वस्त गिटारला जास्त. खोकं मोठं आणि माल स्वस्त असला की भाड्याची झळ अधिक बसते.

आणखी एक बारकावा. खेपेचं खरं भाडं कागदावर सिद्ध करता आलं नाही तर मूल्यांकन नियमांप्रमाणे एफओबीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. अशी खेप शीटमध्ये मिसळली तर विनाकारण उसळी दिसते. शेऱ्यात नोंद करा.

७. हंगाम, सुट्ट्या आणि मालिकेतल्या भेगा

एप्रिलची तुलना मार्चशी नाही, मागच्या एप्रिलशी करायची. चिनी नववर्षाच्या सुट्टीत कारखाने बंद असतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची आवक पातळ होते आणि उरलेल्या थोड्या खेपांनी सरासरी हलते. जून-जुलैत शाळा-क्लासचा आणि गणपतीचा स्वस्त माल जास्त उतरतो. तीन महिन्यांची फिरती सरासरी एवढ्यासाठीच काढायची.

आकडा मागे असतो हेही लक्षात घ्या. जानेवारीत ठरलेला भाव, फेब्रुवारीची ऑर्डर, एप्रिलमध्ये जहाज, मेमध्ये बिल ऑफ एन्ट्री. तक्त्यात तो भाव मे महिन्याचा म्हणून दिसतो. आजच्या कोटेशनशी मेचा आकडा ताडायचा असेल तर चार महिने मागे सरकवून ताडा.

मालिकेत भेग कुठं पडते त्याच्या तारखा शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा. २००७च्या एचएस (मालाच्या कोडांची आंतरराष्ट्रीय पद्धत) बदलात ९२०३ आणि ९२०४ ही शीर्षकं गेली, त्यामुळे पेटीची जुनी मालिका ९२०५ला जोडून घ्यावी लागते. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या डालबर्जिया जातींना साइट्सची (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) परवानगी लागू झाली आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. या काळात कारखान्यांनी गिटारच्या फिंगरबोर्डचं लाकूड बदललं, म्हणून जुन्या-नव्या मॉडेलची सरळ तुलना होत नाही. चेन्नईजवळ यामाहाचा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. देशात बनू लागलेला माल आयातीच्या तक्त्यातून गळतो आणि उरलेल्याची सरासरी आपोआप बदलते.

८. निर्यातीसाठी वेगळी शीट

रबाळे किंवा महापे एमआयडीसीतला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा छोटा उत्पादक ९२०७ ९० चा तक्ता पाहून स्वतःचा भाव ठरवत असेल तर त्यानं थांबावं. या कोडमध्ये तानपुरा, ड्रम आणि गिटार एकत्र आहेत. शिवाय भारताच्या निर्यातीच्या आकड्यात पुनर्निर्यातही मिसळते: आयात केलेली महाग गिटार परत पाठवली तरी ती इथं दिसते. एका देशाकडे गेलेले वीस नग आणि नगाला हजार डॉलर, अशी ओळ बहुधा त्यातली.

तुमचा भाव तक्त्याशी ताडण्याआधी एफओबीवर आणा. कारखान्यातून उचल या अटीवरचा भाव असेल तर बंदरापर्यंतची वाहतूक आणि कस्टम्सचा खर्च मिळवा, सीआयएफ असेल तर भाडं आणि विमा वजा करा. ड्रॉबॅक आणि रोडटेपचे (निर्यातदाराला सरकारकडून मिळणाऱ्या कर-परताव्याचे) पैसे भावात धरू नका, ते नंतर हातात येतात.

ग्राहक देशाच्या बाजूनंही एकदा पाहा. अमेरिकेच्या सेन्सस खात्याचं ‘कस्टम्स व्हॅल्यू’ भाडं-विमा वगळून असतं, त्यामुळे आपल्या एफओबीशी त्याची तुलना बरी जमते.

९. लँडेड कॉस्टपर्यंत आणा

कल काढून झाला, आता तो दुकानाच्या भाषेत, म्हणजे कर आणि खर्चासह माल दुकानात पोचेपर्यंत किती पडतो (लँडेड कॉस्ट) त्यात. दर ऑर्डरच्या दिवशी ताज्या टॅरिफमध्ये तपासून घ्यायचे. हिशेबाची रीत अशी:

सीआयएफ मूल्य १०,००० रुपये. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर १,०००. समाजकल्याण अधिभार त्या शुल्काच्या १० टक्के, म्हणजे १००. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के, पण तो ११,१०० वर: १,९९८. एकूण कर ३,०९८ रुपये.

इथली नेहमीची चूक म्हणजे १० अधिक १ अधिक १८ असे २९ टक्के धरणं. खरा आकडा ३०.९८ टक्के येतो. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचं क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळतं, त्याची किंमत ११,१०० पासून सुरू होते. कंपोझिशन योजनेतल्या (विक्रीवर ठरावीक कमी दरानं कर भरणाऱ्या) दुकानदाराला आणि नोंदणी नसलेल्या संगीत क्लासला क्रेडिट नाही, त्यांची १३,०९८ पासून. एकाच खेपेतला माल दोघांना सारख्या भावात परवडत नाही, हे भागीदारीत कंटेनर मागवताना आधीच बोलून घ्या.

आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट), जपान किंवा कोरियाशी असलेल्या करारांत शुल्क कमी असू शकतं, पण त्यासाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र आणि २०२० पासून लागू झालेल्या कॅरोटार (मालाचा मूळ देश तपासण्याच्या) नियमांप्रमाणे माहिती आयातदारापाशी असावी लागते. ब्रँड जपानी आणि माल चीनमध्ये बनलेला, तर जपानच्या कराराचा फायदा मिळत नाही.

त्यावर न्हावा शेव्याचा खर्च: डिलिव्हरी ऑर्डर (जहाज कंपनीचा माल सोडण्याचा कागद), सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) हाताळणी, सीएचए, गाडी. पॉवर अॅडॅप्टरला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी आणि ब्लूटूथ असलेल्या कीबोर्डला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची) मंजुरी लागते. हे कागद नसतील तर माल सीएफएसमध्ये पडून राहतो आणि जमिनीचं भाडं दिवसागणिक चढतं. ठाणे शहरात जड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असल्यामुळे गाडी कधी सुटेल ते आधी ठरवा, नाहीतर होल्टिंगचा (गाडी थांबवून ठेवल्याच्या भाड्याचा) एक दिवस अंगावर पडतो. हा सगळा खर्च खोक्यांच्या घनफळावर वाटा, किमतीवर नाही. किमतीवर वाटला की स्वस्त गिटार खोटीच स्वस्त दिसते आणि महाग पियानोवर तिचा भार जातो.

शेवटची तपासणी: शीटमधला लँडेड भाव आणि मागच्या खेपेचा प्रत्यक्ष खर्च यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ऑर्डर देऊ नका. आधी पायरी ५ आणि ६ चे आकडे पुन्हा ताडा, फरक बहुतेक वेळा विनिमय दरात किंवा भाड्यात सापडतो. ट्रेडस्टॅटवर नवा महिना चढला की मागचे तीन महिनेही पुन्हा उतरवून घ्या आणि जुन्या आकड्यांवर रेघ मारून नवे शेजारी लिहा.